जिथे पाहण्यासारखं काही नाही, तिथेच जा

लग्न ठरलेल्या मुलामुलीकडे कार्यालय, केटरर आणि फोटोग्राफर यांची चौकशी करून झाली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘मग, फिरायला कुठे?’ विचारणाऱ्याला उत्तराची फारशी उत्सुकता नसते. आपण कुठे गेलो होतो आणि तिथे काय काय पाहिलं हे सांगायला त्याला निमित्त हवं असतं. काका सिमल्याच्या बर्फावर बोलतात, मावशी उटीच्या बोटॅनिकल गार्डनवर, आणि ऑफिसातला सहकारी थेट बालीच्या झोक्यावर. या सगळ्या सल्ल्यांमध्ये एक गृहीतक असतं : मधुचंद्राची जागा तिथे ‘पाहण्यासारखं’ किती आहे यावरून निवडायची. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. नवविवाहितांनी जागा निवडावी ती तिथे पाहण्यासारखं किती कमी आहे हे बघून. एकही पॉइंट नसेल तर उत्तम. असलाच तर तो धुक्याने, दुरुस्तीने किंवा वनखात्याच्या हुकुमाने बंद असावा. हे विधान विक्षिप्त वाटेल, पण नकाशा, घड्याळ आणि पंचांग या तिघांची साक्ष त्याच्या बाजूने आहे.

आधी नकाशा आणि घड्याळ. मराठी मधुचंद्राचं कित्येक वर्षांचं पेटंट ठिकाण म्हणजे सिमला-कुलू-मनाली. ही नावं अशी एका दमात उच्चारली जातात की ती शनिवार, सदाशिव आणि नारायण पेठेसारखी एकमेकींना चिकटून असावीत असं वाटतं. प्रत्यक्षात चंदीगडहून सिमला सुमारे ११५ किलोमीटर, सिमल्याहून मनाली सुमारे २५०, आणि मनालीहून परत चंदीगड ३०० च्या घरात. शिवाय हे डोंगरातले किलोमीटर; घाटात ते फुगतात. म्हणजे सहा रात्री-सात दिवसांच्या पॅकेजातले वीसेक तास गाडीच्या मागच्या सीटवर जातात, आणि घरापासून चंदीगडपर्यंतचा प्रवास त्यात धरलेलाच नाही. या वीस तासांत नवऱ्याची ओळख वाढते ती ड्रायव्हरशी, कारण गाडीत बसलं की पुरुषाने ड्रायव्हरशी बोलायचं असा आपल्याकडे दंडक आहे : गावाकडे शेती किती, सफरचंदाला यंदा भाव काय. बायकोची ओळख वाढते ती वळणांशी आणि उलटीच्या गोळीशी. कालका-सिमला ही १९०३ सालची छोटी रेल्वे त्यातल्या त्यात रम्य म्हणावी. ९६ किलोमीटर, पाचेक तास आणि शंभरावर बोगदे. पण पहिल्या बोगद्यात हातात हात घेता येतो. विसाव्यापर्यंत डब्यातली पोरं प्रत्येक अंधारात आरोळी ठोकायला शिकलेली असतात, आणि अजून ऐंशी शिल्लक असतात.

मनालीला पोचल्यावर विश्रांती मिळेल हाही गैरसमज. तिथे रोहतांग असतो. ३,९७८ मीटर उंचीच्या त्या खिंडीत रोज किती गाड्या सोडायच्या यावर मर्यादा आहे, त्यासाठी परवाना लागतो, आणि तो मिळाला तरी निघण्यासाठी भल्या पहाटे उठावं लागतं. वाटेत नंबर घातलेल्या दुकानांतून बर्फाचे कोट आणि गमबूट भाड्याने घ्यायचे. त्या झग्यात नवरा-बायको इतकी सारखी दिसतात की फोटोत आपला मुलगा कोणता हे आईला उंचीवरून ओळखावं लागतं. मग हिडिंबा मंदिरापाशी याकसोबत एक फोटो आणि मांडीवर पांढराशुभ्र अंगोरा ससा घेऊन दुसरा. सात दिवसांचा हिशेब मांडला तर या जोडप्याने एकमेकांपेक्षा सशाकडे जास्त निवांतपणे पाहिलेलं असतं. दोष हिमाचलचा नाही, हिमालय आपल्या जागी थोरच आहे. पण ज्या आठवड्यात समोरच्या माणसाकडे पाहायचं, त्या आठवड्यात त्या माणसाच्या मागे हिमालय उभा करणं हा त्या माणसावर अन्याय आहे.

लांबचं सोडा, महाबळेश्वर घ्या. पुण्याहून सव्वाशे किलोमीटरच्या आत, म्हणजे दमण्याचं कारण नाही. पण तिथे जनरल लॉडविक, एल्फिन्स्टन आणि आर्थर मॅलेट या साहेबांनी आपापल्या नावाचे कडे ठेवून दिले आहेत, आणि त्यांच्या जोडीला केट्स पॉइंट, एको पॉइंट वगैरे मंडळी आहेत. उगवता सूर्य बघायचा विल्सन पॉइंटला आणि मावळता बॉम्बे पॉइंटला. म्हणजे सूर्याची ड्यूटी संपेपर्यंत नवदांपत्याची संपत नाही. मधल्या वेळात वेण्णा तलावात नाव, काठावर घोडा, मक्याचं कणीस, आणि पाचगणीच्या टेबललँडवर पुन्हा घोडा. मे महिन्यात या प्रत्येक ठिकाणी रांग असते, आणि रांगेत पुढे-मागे उभी असलेली जोडपी तुमच्याच मुहूर्तावर लग्न झालेली असतात. आता हेच गाव जुलैत पाहा. वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणाऱ्या या गावात तेव्हा कुठल्याही पॉइंटवर गेलं तरी एकच दृश्य दिसतं : पांढरं. आर्थर सीटही पांढरी, एल्फिन्स्टनही पांढरा. टॅक्सीवाला प्रामाणिक असेल तर स्वतःच सांगतो, ‘साहेब, काही दिसणार नाही.’ मधुचंद्राच्या दृष्टीने यापेक्षा उत्तम शिफारस असू शकत नाही. फक्त जाताना वाई-पाचगणीच्या वाटेने जावं. पोलादपूरकडून येणाऱ्या आंबेनळी घाटात पावसाळ्यात दरडी कोसळतात, आणि दरड ही गोष्ट खरोखरच पाहण्यासारखी नाही.

मुळात ही प्रथा दृश्यं पाहण्यासाठी निघालेलीच नव्हती. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडात खानदानी जोडपी लग्नानंतर निघत ती लग्नाला येऊ न शकलेल्या नातलगांच्या भेटीला. आपल्याकडेही लग्नानंतरचा पहिला प्रवास कुलदैवताचा : टेंपो ट्रॅव्हलरमध्ये डझनभर माणसं, मागे पातेली, आणि नवं जोडपं चाकावरच्या सीटवर. जेजुरीला नवऱ्याने नवरीला उचलून निदान पाच पायऱ्या चढायच्या असतात. सासू-सासऱ्यांच्या देखत, किंबहुना त्यांच्याच आग्रहावरून बायकोला उचलण्याची मराठी संस्कृतीतली ही एकमेव अधिकृत संधी. नंतर ती पुन्हा मिळत नाही. मग मुंबईत चाळी आल्या आणि प्रश्न बदलला. राजा ठाकूर यांच्या १९७० सालच्या ‘मुंबईचा जावई’ या चित्रपटाचा सगळा डोलारा एकाच अडचणीवर उभा आहे : चाळीतल्या भरल्या घरात नव्या जोडप्याने एकांत शोधायचा कुठे? ही अडचण इतकी खरी होती की १९७२ साली बासू चॅटर्जींनी त्यावरून हिंदीत ‘पिया का घर’ काढला. अशा घरातून निघालेल्या जोडप्याला माथेरानचं कुठलंही लॉज पुरत होतं. ती माणसं सूर्यास्त पाहायला जात नव्हती. आतून लागणारी कडी पाहायला जात होती.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की, आता चाळ कुठे राहिली? पुण्या-ठाण्यातल्या बहुतेक नव्या जोडप्यांना स्वतःचा किंवा भाड्याचा का होईना, फ्लॅट असतो, त्याला चांगल्या चार-पाच कड्या असतात. मग नुसतं बसायलाच जायचं तर घरी काय वाईट? वाईट हे की, घर हे बसण्याचं ठिकाण नाही. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात घराची बेल दुधासाठी, कुरिअरसाठी, गॅसच्या जोडणीसाठी आणि ‘सहज, इकडून चाललो होतो’ म्हणणाऱ्या आत्येभावासाठी वाजते. बेल वाजली नाही तर फोन वाजतो. शिवाय आजच्या जोडप्याची चाळीतल्या जोडप्याहून वेगळी अशी एक उणीव आहे. ही दोघं लग्नाआधी भेटलेली असतात, पण सदैव काही ना काही कार्यक्रम आखून : सिनेमा, कॅफे, सोनाराचं दुकान, हॉलची पाहणी. ती एकत्र कधीच कंटाळलेली नसतात. आणि लग्नाच्या पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत माणसं जे सर्वांत जास्त करतात ते हेच. रविवारची दुपार, पाऊस पडतोय, वीज गेलीय, बोलायला विषय नाही, आणि तरी शेजारच्या खुर्चीतलं माणूस उठून जाऊ नये असं वाटतंय, ही अवस्था साधणं म्हणजे संसार. तिची रंगीत तालीम जिथे होऊ शकते तीच मधुचंद्राची जागा.

दुसरा आक्षेप ज्येष्ठांचा : ‘एवढे पैसे मोजून नुसतं बसून यायचं?’ त्याला उत्तर मालदीव. या देशात हजारावर बेटं, आणि बहुतेक महागड्या रिसॉर्टांचा हिशेब एक बेट, एक हॉटेल असा. किल्ला नाही, डोंगर नाही. समुद्रसपाटीपासून जमिनीची सरासरी उंची दोन मीटरसुद्धा नाही, त्यामुळे पॉइंट काढायचा म्हटला तरी खुर्चीवर उभं राहावं लागेल. आणि जगभरची श्रीमंत जोडपी लाखो रुपये मोजून तिथे जातात. कशासाठी? बेटावरून कुठे जाता येत नाही म्हणून. कुठेच जाता न येणं ही जगातली सर्वांत महाग सोय आहे, एवढंच यावरून सिद्ध होतं. ज्यांना ती परवडते त्यांनी खुशाल जावं. बाकीच्यांना तीच गोष्ट जुलैतल्या दक्षिण गोव्यात अगदी वाजवी दरात मिळते. समुद्रकिनाऱ्यावरची शॅक उतरवलेली, समुद्र खवळलेला, जीवरक्षकांनी पाण्यात उतरू नका म्हणून लावलेले लाल बावटे (ते मात्र मनापासून पाळावेत, नवविवाहित पोहणाऱ्याला लाटा सवलत देत नाहीत). मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्याही पावसाळ्यात बंद. निसर्ग स्वतः होऊन तुमचा कार्यक्रम रद्द करतो, तेव्हा आपण तो आखण्याचा हट्ट धरू नये.

तिसरा आक्षेप तरुणांचा, आणि तो फोटोंचा. पाहण्यासारखं काही नसेल तर फोटो कशाचे टाकायचे? पण हा प्रश्न लग्नाआधीच निकालात निघालेला आहे. प्री-वेडिंग शूट नावाच्या विधीत या दोघांनी दिवेआगरच्या किनाऱ्यावर उलट्या दिशेने धावून, कास पठाराच्या आसपास एकमेकांकडे पाहून खळखळून हसून आणि कुठल्यातरी वाड्याच्या दिंडी दरवाजात पाठमोरं उभं राहून झालेलं असतं. वर ड्रोन फिरलेला असतो. स्वागतसमारंभात तो सगळा ऐवज मोठ्या पडद्यावर पाहुण्यांनी जिलबी खाता खाता दोनदा पाहिलेला असतो. थोडक्यात, मधुचंद्राचे फोटो लग्नाच्या आधी काढून झाले आहेत. आता उरला आहे तो फक्त मधुचंद्र. तो फोटोंशिवाय करायला काहीच हरकत नाही. ज्याला पुरावा लागतो अशा नातेवाइकाला खोलीच्या खिडकीतून पावसाचा एक फोटो पाठवावा आणि खाली गावाचं नाव लिहू नये.

आता पंचांग. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते आणि आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की थांबते. पण सगळ्यात दाट मुहूर्त एप्रिल-मेमध्ये, म्हणजे शाळांच्या सुट्टीत, जेव्हा थंड हवेच्या प्रत्येक ठिकाणी हॉटेलांचे दर आणि माणसांचा पारा दोन्ही चढलेले असतात. त्यात हळद, सीमांतपूजन, लग्न, स्वागतसमारंभ, सत्यनारायण, गोंधळ एवढं पार पाडून दुसऱ्याच दिवशी पहाटेच्या विमानाने निघणारी जोडपी विमानात, गाडीत आणि हॉटेलात झोपतात; ती राहून गेलेली झोप असते. म्हणून लगेच निघू नये. पहिल्या वर्षाचं वेळापत्रक समोर घ्यावं : वटपौर्णिमा, श्रावणात मंगळागौर, दिवाळसण, संक्रांतीला हलव्याचे दागिने. यात दोघांसाठी राखीव अशी एकही तिथी नाही, ती आपणच चोरावी लागते. उन्हाळ्यात लग्न झालेल्यांना आषाढ सोयीचा. पहिल्या आषाढात सुनेने माहेरी जाऊन राहायचं असा काही घरांत जुना रिवाज आहे. माहेरची वाट गोव्यावरून काढायला शास्त्राची हरकत असल्याचं ऐकिवात नाही. हिवाळ्यात लग्न झालेल्यांनी नाताळ आणि नववर्षाची गर्दी ओसरू द्यावी आणि जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत जावं, तेही सोमवार ते गुरुवार. शनिवार-रविवारी महाराष्ट्रातलं कुठलंही निवांत ठिकाण निवांत नसतं. रजेचा प्रश्न निघेल, पण लग्नाला घेतलेल्या पंधरा दिवसांतले चार दिवस मागे ठेवणं एखादा समारंभ टाळून सहज जमतं. तीन रात्री पुरतात. चौथ्या रात्री माणूस पुन्हा नकाशा उघडतो.

जागा निवडताना एका धोक्याकडे लक्ष द्यायला हवं. कोकणात गुहागर, आंजर्ले, वेळास इथली घरगुती राहण्या-जेवणाची सोय या लेखातल्या सगळ्या कसोट्यांना उतरते : नारळी-पोफळीची वाडी, झोपाळा, उकडीचे मोदक, आणि समुद्राखेरीज पाहायला फारसं काही नाही. पण तिथे यजमानीणबाई पाणी देता देता ‘आडनाव काय म्हणालात?’ असं विचारतात. पन्ह्याचा पेला संपेपर्यंत त्या तुमच्या सासूच्या मावसबहिणीच्या नणंद निघालेल्या असतात आणि रात्रीच्या जेवणापर्यंत तुम्ही सकाळी किती वाजता उठलात ही बातमी डोंबिवलीला पोचलेली असते. तेव्हा दृश्यांइतकीच दुसरी गोष्ट टाळावी : जिथे आपल्या आडनावाला काही अर्थ आहे असं गाव. माथेरान या दृष्टीने अजूनही टिकून आहे. दस्तुरी नाक्यापुढे मोटारीला बंदी, त्यामुळे बरंचसं चालणंच होतं. आणि नावांचे पॉइंट तिथेही भरपूर असले तरी लाल मातीतून तासभर चालून गेल्यावर पुढच्या पॉइंटचा मोह आपोआप गळतो. पुण्या-मुंबईतल्या सहल कंपन्यांच्या खास हनिमून ग्रुप टूरचाही पर्याय लोक सुचवतात. त्यात सोय आहे, जेवण मराठी आहे, आणि सहाला उठणं, सातला नाश्ता, आठला बस हे वेळापत्रकही आहे. वीस जोडप्यांनी मिळून एकांत साजरा करायचा ही कल्पना सहकार चळवळीच्या महाराष्ट्रातच सुचू शकते. पण अंताक्षरी जिंकण्यासाठी लग्न केलेलं नसतं.

हॉटेलात पोचल्यावर आपण नवविवाहित आहोत हे सांगू नये. हातातला हिरवा चुडा आणि मेंदी लपत नाही हे खरं, पण आपणहून कबुलीजबाब तरी देऊ नये. दिला की ‘हनिमून पॅकेज’ अंगावर येतं : पलंगावर गुलाबाच्या पाकळ्या, टॉवेलचे दोन हंस, केशर-दूध, एक केक आणि एक कँडल लाइट डिनर. पाकळ्या रात्रभर पाठीला चिकटतात आणि सकाळी कानात सापडतात. केक अर्धा किलोचा असतो आणि तो दोघांनी खाण्यापेक्षा रुखवताचे उरलेले लाडू बरे वाटतात. मेणबत्तीच्या उजेडात पनीर कोणतं आणि मिरची कोणती हे कळत नाही, आणि तीन वेटर हात मागे बांधून तुमचं प्रेम व्यवस्थित चाललंय ना हे बघत उभे असतात. तिकिटाच्या बाबतीत एकच सूचना, पण ती चेष्टेवारी नेऊ नये. तिकीट आणि हॉटेल दोन्हीकडे नाव ओळखपत्रावर आहे तेच द्यावं. नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेलं नाव कितीही सुरेख असलं तरी विमानतळाच्या दारातला जवान तांदूळ मागत नाही, आधार कार्ड मागतो. परदेशी जायचं तर पासपोर्टवरचं नाव प्रवास संपेपर्यंत आहे तसं राहू द्यावं, आणि त्याची मुदत निदान सहा महिने शिल्लक आहे ना हे तिकीट काढण्याआधी पाहावं.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे : रिकामा वेळ मिळाला की भांडण होईल. होईल, आणि व्हायलाच हवं. एसी अठरावर ठेवायचा की सव्वीसवर, चहा आधी की आंघोळ, आईला दिवसातून किती वेळा फोन करायचा, हे प्रश्न आज ना उद्या निघणारच. दिवसाला सात पॉइंट ठेवले तर ते निघत नाहीत. पुढे ढकलले जातात आणि घरी आल्यावर निघतात, जिथे निवाडा करायला दोन्हीकडचे आई-वडील, एक मोठी जाऊ आणि शेजारच्या काकू हजर असतात. त्यापेक्षा पहिलं भांडण अशा गावी व्हावं जिथे तिसरा माणूस ओळखीचा नाही. रुसून बाहेर पडणाऱ्याला पावसामुळे व्हरांड्यापलीकडे जाता येऊ नये, एवढी व्यवस्था असली म्हणजे झालं. ज्यांची ओळखच राजगडाच्या संजीवनी माचीवर झाली, अशा गिर्यारोहक जोडप्यांना यातून सूट द्यायला माझी तयारी आहे; त्यांच्यासाठी डोंगर ही पाहण्याची वस्तू नसून बसण्याची जागा आहे. बाकीच्यांनी सिमला, स्वित्झर्लंड आणि रोहतांग निर्धास्तपणे लग्नाच्या पंचविसाव्या वर्षासाठी राखून ठेवावेत. तोवर एकमेकांकडे पुरेसं पाहून झालेलं असतं, बोलण्याचे विषय मुलांच्या फीपाशी येऊन थांबलेले असतात, आणि तेव्हा समोर एक हिमशिखर असलं तर दोघांचीही चांगली सोय होते.